ज्याची टोपी, त्यानंच काढायची

वानखडे मिस्त्री बोडक्या डोक्यानं हॉटेलात बसलेले दिसले की आमच्या गावातली माणसं समजून जायची, टेलिफोन बंद आहे. बाहेरगावच्या माणसाला मात्र हे ठाऊक नसे. त्या काळी आमच्याकडे कर्त्या पुरुषानं उघड्या डोक्यानं चारचौघांत बसणं म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असाच अर्थ होता. एकदा लोणारकडचा एक अडत्या त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोण गेलं जी?" मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कोणी नाई. टोपी कामावर हाये." अडत्यानं तरीही हात जोडले, देवाची मर्जी म्हणाला आणि स्वतःचा चहा न पिताच उठून गेला.

टोपी खरोखरच कामावर असे. आमचं टेलिफोन ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पुढं व्हरांडा आणि मागं पडवी. पुढच्या खोलीत माझा बोर्ड. गावातल्या माणसानं हँडल फिरवलं की माझ्यापुढं बोर्डावर त्याच्या नंबराची पडदी पडायची आणि मी दोरी खोचून त्याला जोडून द्यायचा. मागच्या खोलीत रॅक. माणसापेक्षा उंच लोखंडी चौकट, तिच्यात एकावर एक बसवलेल्या पेट्या, त्यांच्यात लुकलुकणारे काचेचे व्हॉल्व्ह. या रॅकमुळे एकाच तारेवर तीन माणसं तीन वेगवेगळ्या बाता अकोल्याशी मारू शकत. रॅकच्या पाठीमागं, भिंत आणि चौकट यांच्यामधल्या अरुंद बोळात, एक जड पेटी होती. भिंतीतला करंट घेऊन ती रॅकला मानवेल असा करून देई. मिस्त्री तिला चक्की म्हणत. आणि दाराजवळच्या भिंतीवर मेन खटका. लाकडी मुठीचा, उघडा. बंद केला की मूठ भिंतीतून बाहेर यायची आणि खुंटीसारखी आडवी राहायची.

मिस्त्रींचा नियम असा होता, की रॅकमागं शिरायचं तर आधी खटका पाडायचा आणि त्या मुठीवर आपली टोपी लावायची. टोपी दिसते तोवर खटक्याला कोणी हात लावायचा नाही, मग तो लाईनमन असो की नागपूरचा साहेब. आणि ज्याची टोपी, त्यानंच काढायची. हा नियम सरकारच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. मिस्त्री मूळचे घाटाखालचे, रोहिणखेडचे. तिकडच्या कापसाच्या जिनात पोरवयात इंजिनावर काम करताना त्यांनी तो कोणा म्हाताऱ्या फिटरकडून उचलला होता. आमच्या ऑफिसात तो इतका मुरला होता, की मी नवा रुजू झालो तेव्हा मला आधी टोपीचा कायदा समजावून सांगितला गेला, मग हजेरी कुठं मांडायची ते.

माणूस उंच, हाडापेरानं मोठा, आणि बोलण्यात कंजूष. आवाज चढवायचे नाहीत. पण समोरचा मूर्खासारखं बोलला की डोळे मिटून घ्यायचे आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उघडायचे नाहीत. मला हा प्रकार भयंकर अपमानकारक वाटे. मी बडबड्या माणूस, माझ्यासमोर त्यांचे डोळे बहुतेक वेळा मिटलेलेच असत.

रॅक बंद पडला, दिवेच लागेनात, की गावात ज्ञानी माणसांचं पीक येई. जिनवाले मालक, डॉक्टर, तहसीलचे कारकून, सगळे व्हरांड्यात जमायचे आणि कुठला व्हॉल्व्ह जळाला असेल ते मिस्त्रींना सांगायचे. मिस्त्री रॅककडे ढुंकूनही पाहत नसत. होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढं हत्यार घेऊन ते भिंतीशी उकिडवे बसत. आधी भिंतीत करंट आहे का ते पाहायचं. मग खटक्याच्या अलीकडं, खटक्याच्या पलीकडं, मग फ्यूज, मग वायर, मग चक्की, आणि सगळ्यात शेवटी रॅक. रॅकचीही एकेक पेटी मोकळी करायची, एकच ठेवून चालू करून पाहायची, मग दुसरी जोडायची. "रोग दिसते तिथं नसते," ते म्हणत, "वाटेत असते. भिंतीपासून चाला." आमची सगळ्यांची तऱ्हा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी. त्यांची नेमकी उलटी. एकदा असाच रॅक काळाठिक्कर पडला होता. जिनवाल्या मालकांनी तो पुरता जळाल्याचं जाहीर करून टाकलं. मिस्त्री भिंतीपासून निघाले ते चक्कीच्या वायरीपाशी थांबले. उंदरानं वायर कुरतडली होती, कारण कोणीतरी रॅकमागं शेंगदाण्याची पुडी ठेवली होती. तेव्हापासून त्या खोलीत खाण्याची वस्तू न्यायची बंदी झाली.

त्यांच्या घरीही हेच. त्यांच्या पत्नी काशीबाई बोलक्या, नवऱ्याच्या वाट्याचंही त्याच बोलून घेत. मला म्हणायच्या, "बाबू, यायले चूल काऊन नाही पेटून राह्यली विचारलं, तर हे आधी रानात लाकूड हाये का ते पाह्यतेत. तोवर माह्यं लेकरू उपाशी झोपते." मिस्त्री ऐकून घेत आणि डोळे मिटत.

किसन गवई हा आमचा लाईनमन. पंचविशीच्या आतबाहेरचा, काटक, खांबावर सरसर चढणारा. महाराष्ट्र नवा नवा झाला होता त्या दिवसांतली ही गोष्ट. बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीत गेलेला आमच्या गावातला तो पहिला माणूस. त्याची बायको पारबता. तो कायम झाला त्या दिवशी तिनं त्याला पांढऱ्या खादीची टोपी शिवून दिली. घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून आतली शिवण निळ्या दोऱ्यानं घातली. किसन टोपी उलटी करून सगळ्यांना दाखवी, "आतून निळी हाये जी, बाह्यरून तुमच्यासारखीच."

मिस्त्री त्याला शिकवत आणि फार कडक शिकवत. एकदा एका बड्या शेतकऱ्याच्या बैठकीतला टेलिफोन बिघडला. किसन दुरुस्तीला गेला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं, आणि दुसरा माणूस द्या म्हणून निरोप आला. मिस्त्रींनी सांगून पाठवलं, "दुसरा नाई. टेलिफोन पाह्यजे का किसन नाई पाह्यजे, काय ते एक सांगा." टेलिफोन बरेच दिवस मुका राहिला. शेवटी त्या घरचाच गडी किसनला बोलवायला आला. म्हणून मिस्त्री कोणी सुधारक होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी किसनला चहा ओसरीवरच मिळे, आणि कप तो स्वतः धुऊन ठेवी. माणसं अशी अर्धीमुर्धीच असतात. पण किसनचा हात चांगला आहे, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि आपल्यानंतर रॅक त्याच्या हाती जावा, असं त्यांच्या मनात होतं.

एक प्रसंग मला नीट आठवतो, कारण पुढं तो फार वेळा आठवावा लागला. किसन रॅकच्या कामात नवा होता. काम आटोपून तो बाहेर आला, मुठीवरची आपली टोपी काढली आणि खटका चढवण्याआधी खोलीकडं तोंड करून ओरडला, "हाये का बे कोणी आत?"

मिस्त्री व्हरांड्यातून आत आले. "कोणाले विचारून राह्यला?"

"कोणी असन तर म्हणून जी."

"टोपी हाये का मुठीवर?"

"नाही जी."

"मंग माणूस नाही. तुह्यी हाक त्याले ऐकू आली नाही तर? त्यानं तिसऱ्याच गोष्टीले हाव म्हटलं तर? इथं बाबूची बडबड चालते दिवसभर. तोंडाचा भरवसा नाही किसन, टोपीचा हाये. हाका मारू नको. टोपी पाह्य."

किसननं मान डोलावली. त्यानंतर त्यानं कधी हाक मारली नाही आणि टोपी लावायला कधी चुकला नाही.

मिस्त्रींची स्वतःची खटका चढवण्याची एक लकब होती. डाव्या हातानं टोपी उचलायची आणि ती डोक्याकडं जाते न जाते तोच उजव्या हातानं मूठ वर ढकलायची. दोन्ही एकाच झोकात. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यात एक ऐट आली होती, आणि एवढ्या रुक्ष माणसाची तेवढीच एक ऐट होती.

तो दिवस पावसाळ्यातला, उकाड्याचा, भिंतींना ओल आलेली. सकाळपासून रॅक उठत नव्हता. मिस्त्रींनी खटका पाडला, टोपी लावली आणि भिंतीपासून सुरुवात केली. चक्कीच्या एका जोडावर त्यांचा संशय बसला. ती तार बदलायची होती, पण त्याआधी मागच्या पडवीतल्या बॅटऱ्या तपासाव्यात म्हणून ते तिकडं गेले. तेवढ्यात किसन डोणगावच्या लाईनवरून परत आला. चक्कीची तार बदलायची आहे हे मिस्त्रींनी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. तो मागच्या खोलीत गेला. मुठीवर मिस्त्रींची टोपी होती. त्यानं आपली टोपी काढली, नियमाप्रमाणं त्याच मुठीवर लावली आणि रॅकमागं शिरला.

त्या मुठीवर एका वेळी दोन टोप्या आजवर कधी आल्या नव्हत्या. आमच्याकडे रॅकमागं एका वेळी एकच माणूस जाई. बोळच तेवढा होता. आणि खादीच्या टोपीवर खादीची टोपी ठेवली की ती तिच्यात बसून जाते. घरोघरी खळ घातलेल्या टोप्या एकात एक घालूनच फळीवर ठेवतात. दोन आहेत हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि घाई असली तर हातात घेऊनही कळत नाही.

पडवीत एका बॅटरीची तार सैल निघाली, ती आवळून रॅक आता उठतो का पाहायला मिस्त्री आले. मी बोर्डावर होतो, डोक्याला हेडफोनचा चिमटा लावून, अकोल्याची ट्रंक लाईन बंद आहे हे गावातल्या एकेकाला सांगत. दोन खोल्यांमधल्या अर्ध्या भिंतीवरून मला त्यांचा फक्त डावा हात वर जाताना दिसला. मग खटक्याचा आवाज आला, आणि त्यामागून रॅकवर काहीतरी जोरात आदळल्याचा. हाक नाही, ओरडणं नाही. मिस्त्रींनीच खटका परत पाडला. आम्ही दोघांनी किसनला बोळातून ओढून काढलं. मिस्त्री त्याच्या छातीवर दाब देत राहिले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, पापणी उचलून पाहिली आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

व्हरांड्यात माणसं गोळा होऊ लागली होती. मिस्त्री पडवीकडच्या दाराशी, खटक्यापाशी, एकटे उभे होते. जमिनीवर पडलेली टोपी त्यांनी उचलली, डोक्यावर ठेवायला म्हणून उघडली, आणि हात तसाच राहिला. त्यांनी आत दोन बोटं घातली. दोन्ही टोप्या वेगळ्या झाल्या. वरच्या टोपीची आतली शिवण निळी होती. हे मी पाहिलं, आणि मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी निळ्या शिवणीची टोपी घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली. दुसरी त्यांनी तिथंच, पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि परत कधी घातली नाही. ती कट्ट्यावरच पडून राहिली. चौकशीनंतर ती कुठं गेली मला ठाऊक नाही.

मला वाटलं, संपलं. किसननं टोपी लावली होती हे हा माणूस आता कोणाला सांगणार नाही. बोलला नसता तर मी काय केलं असतं हे मला विचारू नका, कारण तशी वेळ आली नाही.

पारबताला आणलं तेव्हाचं मी लिहीत नाही. तिच्या कडेवर वर्षाचंही नसलेलं मूल होतं, एवढंच लिहितो.

गावाला निकाल लावायला वेळ लागला नाही. हॉटेलात, चावडीवर एकच बोलणं: पोरानं टोपी लावली नाही. "त्या लोकायले धीरच नसते." "शिकवून काय होते, अंगात पाह्यजे." ज्या बैठकीनं किसनला ओट्यावरून परत धाडलं होतं, तिथं तर हे अगदी समाधानानं बोललं गेलं. मला ते ऐकून संताप येई आणि मी हॉटेलात जायचंच सोडलं. बौद्धवाड्यातून किसनचा म्हातारा बाप रोज येऊन ऑफिसच्या पायरीशी उभा राही आणि एकच विचारी, "बाबू, माह्या पोराची चूक होती का हो?"

आठवड्यानं चौकशीचे साहेब आले. पुण्याकडचे, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी खोली पाहिली, खटका पाहिला, टोपीचा नियम ऐकून कपाळाला आठी घातली, आणि मग समजुतीच्या सुरात सांगितलं, की मयतानं सूचना न देता, स्वतःच्या हलगर्जीपणानं रॅकमागं प्रवेश केला, असंच दिसतं. तसं झालं तर प्रकरण इथंच मिटेल. त्याचा दुसरा अर्थही आम्हाला ठाऊक होता. माणूस स्वतःच्या चुकीनं गेला असं लिहिलं गेलं, की पारबताला त्याच्या जागी नोकरी मिळणार नव्हती, आणि त्या म्हाताऱ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर सरकारी शिक्क्यासकट मिळणार होतं.

मिस्त्री उठले. सदऱ्यातून त्यांनी निळ्या शिवणीची टोपी काढली. पडवीत जाऊन कट्ट्यावरची आपली आणली, तिच्यावर ती बसवली आणि साहेबांपुढं टेबलावर ठेवली.

"साहेब, टोप्या किती हायेत?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे? एक."

मिस्त्रींनी त्या वेगळ्या केल्या. "खालची माह्यी. वरची त्याची. त्यानं टोपी लावली होती."

साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून पुढचं मी ऐकलं. ते म्हणाले, "मिस्त्री, नीट विचार करा. गेलेला माणूस काही परत येत नाही. तुमची नोकरी इतक्या वर्षांची. घरी मुलं असतील. टोपी लावायची पद्धतही तुमचीच. हे तुम्ही सांगितलंत तर सगळं तुमच्यावर येईल."

"हाव."

"तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. "साहेब, त्यानं टोपी लावली होती. म्या काढली. दुसऱ्याची टोपी म्या काढली." आणि मग, "तो हाक मारत जाय. म्या त्याची हाक बंद केली. हे बी लिहा."

साहेबांनी लिहिलं. हाकेचं लिहिलं की नाही, कोण जाणे.

त्या संध्याकाळी किसनचा बाप पायरीशी आला तेव्हा मिस्त्री स्वतः खाली उतरले. "तुमच्या पोराची चूक नव्हती. माह्यी होती," म्हणाले. म्हाताऱ्यानं बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. नंतर कधी आला नाही.

मिस्त्रींची मिस्त्रीकी गेली. नोकरी राहिली ती लाईनमनची, किसनच्या जागेवरची. पन्नाशीकडं झुकलेला माणूस पुन्हा खांबावर चढू लागला. रॅकच्या खोलीत पाय ठेवायचा नाही असा हुकूम होता. नसता तरी त्यांनी ठेवला नसता. अकोल्याहून एक नवा, तरतरीत मिस्त्री आला. त्यानं टोपीचा नियम हसण्यावारी नेला, खटक्याला लोखंडी पेटी आणि कुलूप बसवून घेतलं. पुढं कुलपाची किल्ली हरवली तशी पेटी नुसती उघडीच राहू लागली. गावाच्या तोंडून मात्र मिस्त्री हे नाव वानखड्यांचंच राहिलं. ते आता कायमच बोडके असत आणि कोण गेलं हे त्यांना कोणी विचारत नसे.

पारबताला नोकरी मिळाली. झाडलोट करायची, पाणी भरायचं, आमच्याच ऑफिसात, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाबू, तो कोणता?" मी खांबाखाली दोर गुंडाळत बसलेले मिस्त्री दाखवले. ती बघत राहिली. नंतर पदर खोचून तिनं झाडू हातात घेतला. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मिस्त्रींच्या तोंडाकडं पाहून मला कितीदा वाटे. ते दारातून येत असले की ती तोंड फिरवायची देखील नाही. तिथं कोणी नसल्यासारखी काम करत राहायची.

मिस्त्रींनी ऑफिसातलं पाणी पिणं बंद केलं. उन्हातून लाईनवरून यायचे, घसा कोरडा, आणि तसेच हॉटेलपर्यंत चालत जायचे. गावानं याचा अर्थ आपल्या कुवतीनं लावला. पारबतालाही तसंच वाटलं असणार. एकदा रांजण विसळता विसळता मला म्हणाली, "माह्या पान्याचा त्यायले अजून इटाळ होते का?"

मी मिस्त्रींना एकदा छेडलं होतं, म्हणून मला उत्तर माहीत होतं. मी तिला सांगितलं, "नाही. ते म्हणतात, तिनं भरलेलं पाणी मी कोणत्या तोंडानं पिऊ."

तिनं रांजणात उरलेलं पाणी हिंदकळवलं. मग म्हणाली, "मंग ठीक हाये. राहू द्या तहानलेले." आणि रांजण पालथा केला.

अशी कितीतरी वर्षं गेली. तिचं मूल शाळेत जाऊ लागलं. मिस्त्री वाकले, पण खांब सुटले नाहीत. काशीबाई आता फार बोलत नसत. रस्त्यात भेटल्या की विचारत, "आज खांबावर हायेत का?" आणि हो म्हटलं की मान हलवून पुढं जात. नवरा संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या दारातच बसून असतात, असं शेजारच्यांनी मला सांगितलं.

मग एका उन्हाळ्यात रॅक पुन्हा बंद पडला. दिवे नाहीत, गुणगुण नाही, काही नाही. अकोल्याचा मिस्त्री बहिणीच्या लग्नाला गेलेला. वरच्या ऑफिसला कळवायचं तरी कसं, ट्रंकच बंद. ऑफिस सांभाळणाऱ्या मोठ्या बाबूंनी वानखड्यांना बोलावलं आणि बघता का म्हणाले. मिस्त्री नाही म्हणाले. दुपारपर्यंत दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा काही न बोलता उठले, आणि इतक्या वर्षांनी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आले.

बल्ब आणि दोन तारा घेऊन ते भिंतीशी बसले. करंट होता. खटक्याच्या अलीकडं होता, पलीकडं होता. फ्यूज शाबूत. म्हणजे बिघाड रॅकमागं होता. त्यांनी खटका पाडला. मूठ बाहेर आली. आणि ते तिथंच उभे राहिले, मूठ धरून. एक हात मुठीवर, दुसरा लोंबता. बोळाकडं पाहत आणि हात सोडत नाहीत. बोटं पांढरी पडली होती. तो माणूस भितोय हे मला पहिल्यांदाच दिसलं, आणि मला ते बघवेना.

"मिस्त्री, मी उभा राहतो इथं," मी म्हणालो.

"तुमची घंटी वाजली का तुमी जासान," ते म्हणाले. खोटं नव्हतं. तेवढ्यात वाजलीच.

मी दोरी खोचून परत आलो तेव्हा पारबता खोलीत आली होती. तिनं झाडू भिंतीशी टेकवला, आणि खटक्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसली. मूठ तिच्या डोक्यावर आली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "जाय म्हणा त्यायले."

मला म्हणायची गरज पडली नाही. मिस्त्रींनी हात सोडला आणि ते बोळात शिरले.

काम लांबलं. आतून पान्याचा, पक्कडीचा बारीक आवाज येत होता. मी बोर्ड आणि खोली यांमध्ये येरझारा घालत होतो. ती हलली नाही. तिची जेवायची वेळ होऊन गेली. भाकरीचं फडकं तिनं ओट्यावर ठेवलेलं होतं, तिथं मुंग्या लागल्या. मी म्हणालो, "पारबताबाई, तुम्ही खाऊन या, मी बघतो."

"नाही."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काऊन बसल्या तुम्ही? यांच्यासाठी?"

तिनं माझ्याकडं मूर्खाकडं पाहावं तसं पाहिलं. "म्या त्यायले माफ नाही केलं बाबू. करनारबी नाही. पण त्यायच्या घरी बाई हाये. दारात बसते ती. म्या पाह्यते ना जाता-येता."

रॅकमागचा पान्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

चक्कीतला एक जोड जळाला होता. तो बांधून मिस्त्री बाहेर आले, घामानं निथळत, आणि तिच्यासमोर उभे राहिले. त्यांना पूर्ण पाहून घेतल्यावरच ती उठली. मिस्त्रींनी मुठीला हात लावला नाही. मला म्हणाले, "बाबू, तुमी चढवा." मी चढवला. रॅकचे दिवे लागले, अकोल्याचा आवाज आला, आणि व्हरांड्यातल्या मंडळींनी नेहमीप्रमाणं आपल्याला हेच म्हणायचं होतं असं सांगितलं.

त्या पावसाळ्याआधी मिस्त्रींनी नोकरी सोडली आणि काशीबाईंना घेऊन रोहिणखेडला गेले. मला ते पुन्हा भेटले नाहीत. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दुपारी. पिशवीत हत्यारं भरून ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले. पाठमोरे होते. काहीतरी बोलायचं असावं, पण आयुष्यभर ज्यानं शब्द वाचवले त्याला ऐन वेळी ते कुठून सापडणार. पारबता खोली झाडत होती. झाडत झाडत ती त्यांच्या पायांपाशी आली आणि थांबली.

"सरका," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी बोललेला तो एवढाच शब्द. मिस्त्री घाईघाईनं बाजूला सरकले, अगदी भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि ती उंबरा झाडून पुढं जाईपर्यंत तसेच राहिले.